सोळा चाकोऱ्या

सोमवार, ७ जानेवारी

पोचलो बाई एकदाच्या! दोन ट्रंका, एक गादी, माझी हत्यारांची पेटी आणि भिंगरी, एवढा सगळा संसार एका टेम्पोत मावला आणि टेकडीवर चढला. भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं आठ. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असतं. एका जागी बसणं तिला जन्मात जमलेलं नाही, म्हणून घरात भिंगरीच. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना.

बाटल्यांचा कारखाना, त्याच्या मागे कामगारांची कॉलनी, आणि कॉलनीच्या टोकाला आमचं क्वार्टर. दोन खोल्या, दोन खाटा, आणि खिडकीतून सरळ भट्टीचं धुराडं दिसतं. भिंगरीने आल्या आल्या खिडकीजवळची खाट पटकावली आणि मला सांगून टाकलं की तिथे आता कुणी बसायचं नाही. बसत नाही बाई, तुझं राज्य.

मी जुन्या कॉम्प्युटरची मेकॅनिक. जगाने ती मशीनं केव्हाच भंगारात घातली, त्यामुळे माझी विद्याही भंगारातच जमा झाली होती. इथे मात्र एक म्हातारं मशीन अजून चालू आहे, आणि मॅनेजरसाहेब म्हणाले की जोवर ते चालतंय तोवर बदलायचं नाही. मी मनात म्हटलं, साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो.

संध्याकाळी मशीनची खोली बघून आले. आधीचे ऑपरेटर कधी गेले, कुठे गेले, विचारलं. साहेब म्हणाले, गेले म्हणजे गेले. त्यांचा चष्मा अजून खणात आहे. खुर्चीत बसले तर खुर्ची गरम लागली. मी लगेच उठले आणि मग माझं मलाच हसू आलं. भट्टीच्या बाजूची भिंत आहे, गरम नाही लागणार तर काय होणार?

मंगळवार, ८ जानेवारी

मशीनशी ओळख झाली. पडदा हिरवा, आवाज घरघर, सुरू व्हायला चार मिनिटं. पण डिस्क ठणठणीत आहे.

काम समजावून घेतलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको. डिस्कवर गोल गोल चाकोऱ्या असतात, एकूण १०२४. धंद्यात त्यांना दुसरं नाव आहे, पण मी चाकोरीच म्हणते. त्यांचे चार भाग पाडलेत, चार पार्टिशन. पहिल्यात मशीनचं स्वतःचं सामान. दुसऱ्यात कामगारांच्या नोंदी. तिसऱ्यात त्यांच्या घरच्यांच्या. चौथ्यात जे गेले त्यांच्या. सोडून गेलेले, वारलेले, सगळे एकत्र. त्या पार्टिशनचं नावच 'गेलेले' आहे.

कुठलं पार्टिशन कितव्या चाकोरीला सुरू होतं आणि कितव्याला संपतं, याचा एक छोटा तक्ता डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतो. चार ओळींचा. पण सगळा जीव त्यात. तो बिघडला तर डिस्कवरचं काहीही पुसलं जात नाही, सगळं जागच्या जागी असतं. फक्त कोण कुठलं, हे मशीनला कळत नाही. असून नसल्यासारखं.

म्हणून शनिवार-रविवार सोडून रोज दुपारी बाराला त्या तक्त्याचा बॅकअप फ्लॉपीवर घ्यायचा, प्रत्येक वाराची फ्लॉपी वेगळी. इथवर ठीक. पण इथली पद्धत पुढे आहे. तक्त्याचे आकडे एका चिठ्ठीवर छापायचे आणि गेटवर नेऊन द्यायचे. गेटवाले आजोबा ती चिठ्ठी कालच्या चिठ्ठीशी ओळीओळीने ताडून बघतात, मोठ्याने 'जुळलं' म्हणतात, मग जेवणाची घंटा देतात. कालची चिठ्ठी भट्टीत जाते. हे कशासाठी, विचारलं. आजोबा म्हणाले की त्यांच्या आधीच्या गेटवाल्यानेही हेच केलं, आणि न जुळता घंटा कधी झालेली नाही. गेल्या वर्षी आधीच्या ऑपरेटरांनी तिसऱ्या पार्टिशनला सोळा चाकोऱ्या वाढवून दिल्या, चौथ्यातून काढून, तेव्हा आकडे बदलले होते. त्या दिवशी कामगार चार वाजेपर्यंत उपाशी बसले म्हणे. भलतीच शिस्त!

मीही कमी नाही. फ्लॉपी आहे, चिठ्ठी आहे, तरी तिसरीकडे आकडे लिहून ठेवायचे ही माझी जुनी खोड. आज भिंगरी म्हणाली मी लिहिते. या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तिने आपल्या गलेलठ्ठ अक्षरात लिहिलंय: पहिलं ० ते २०३, दुसरं २०४ ते ५११, तिसरं ५१२ ते ७६७, चौथं ७६८ ते १०२३. खाली स्वतःहून भर घातली, 'आईची वही. माझी पण.'

गुरुवार, १० जानेवारी

आज भिंगरीची नोंद केली. नोंद झाल्याशिवाय कॉलनीत दूध नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. तिसरं पार्टिशन जवळजवळ भरलंय, शेवटच्या सोळा चाकोऱ्याच मोकळ्या होत्या, म्हणजे ७५२ पासून ७६७. म्हटलं छान, लेकीला कोरी करकरीत जागा.

आधी फोटो. मशीन तो कासवाच्या गतीने उतरवतं आणि पडद्यावर चाकोरीचा आकडा सरकत जातो. ७५२, ७५३... भिंगरी ओरडून आकडे मोजत होती. ७६० वर फोटो संपला. नऊ चाकोऱ्या नुसत्या तोंडाला! मी म्हटलं, केवढं गं तुझं तोंड, तर म्हणाली तुझ्यासारखंच आहे. मग दोन्ही हातांचे ठसे, उंची, दवाखान्याचे कागद. ७६७ ला सगळं बसलं. शेवटचं बटण तिने दाबलं.

ठशांची शाई काही निघेना. साबण झाला, रॉकेल झालं, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक निळा डाग राहिलाच, पानाच्या आकाराचा. ती तो शाळेत सगळ्यांना दाखवत फिरली.

चार दिवसांत माझ्या पोरीला अख्खी कॉलनी ओळखायला लागली. गेटवाले आजोबा तिला रोज घंटेची दोरी एकदा धरू देतात. शेजारच्या वहिनींचा नवरा भट्टीवर आहे, त्यांच्याकडे तर ही घरच्यासारखी घुसते. किती दिवसांनी झोप लागली मला नीट.

मंगळवार, १५ जानेवारी

आज एक काम केलं आणि आजोबांशी खटका उडाला.

बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो परत बसतो का हेही बघावं लागतं. आधीच्या ऑपरेटरांनी ते कधी केलं होतं देव जाणे. म्हणून आज सकाळी मंगळवारची फ्लॉपी घातली आणि तिच्यातला तक्ता डिस्कवर परत बसवला. मशीन बंद करून चालू केलं. चारही पार्टिशन उघडली. मी स्वतःचीच पाठ थोपटली आणि बाराला त्याच फ्लॉपीवर नेहमीचा बॅकअपही घेतला.

चिठ्ठी घेऊन गेले तर आजोबा म्हणाले जुळत नाही. तिसरी आणि चौथी ओळ वेगळी आहे. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि आमचा प्रिंटर असा की सहाचा पाच वाटतो. मागे शंभर माणसं ताटं घेऊन उभी. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की आत्ताच सगळं तपासून आलेय, या मशीनमधलं मला कळतं, तुम्ही घंटा द्या. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा एकदा डोळ्याशी धरल्या. मग घंटा दिली. 'जुळलं' मात्र म्हणाले नाहीत. कालची चिठ्ठी भट्टीत गेली.

नाकावर राग घेऊन घरी आले. भिंगरीने विचारलं की फ्लॉप्या कशा लावल्यात ते बघितलं का? काल शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत येऊन बसली होती तेव्हा तिने सगळा खण आवरला म्हणे. जुन्या ऑपरेटरांच्या फ्लॉप्या आणि माझ्या फ्लॉप्या एकत्र करून वारांप्रमाणे जोड्या लावल्या. सोमवारजवळ सोमवार, मंगळवारजवळ मंगळवार. मी तिचा पापा घेतला. डोकं ठिकाणावर नव्हतं, पुढचा विचार केलाच नाही.

गुरुवार, १७ जानेवारी

या लोकांना झालंय काय?

कँटीनमध्ये मी दोन ताटं मागितली तर वाढप्याने एकच दिलं. दुसरं कुणाला, विचारलं. भिंगरी माझ्या शेजारी उभी! मी खेकसले तेव्हा दुसरं दिलं, पण माझ्याकडे असं बघत की मीच हावरट. शाळेत बाईंनी हजेरीत तिचं नाव घेतलं नाही. ही हात वर करून बसली, हात दुखायला लागला, तरी नाही. आणि संध्याकाळी वहिनी म्हणाल्या की एकटीला दोन खोल्या मोठ्या होत असतील नाही?

एकटीला! भिंगरी तेव्हा त्यांच्या पायरीवर बसलेली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. वहिनींनी पायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसून आत गेल्या.

कुणी ठरवून वाळीत टाकलंय का आम्हाला? पोर रात्री जेवली नाही. म्हणाली, आई, मी काय केलं?

शुक्रवार, १८ जानेवारी

क्रमाने लिहिते.

सकाळी मी स्वतः तिला वर्गात बसवायला गेले. ती बाकावर बसली. दोन मिनिटांनी एक मुलगा आला आणि सरळ तिच्या मांडीवर बसला. मुद्दाम नाही. रिकामी जागा दिसली म्हणून बसला. भिंगरी किंचाळली. वर्गातल्या एकानेही मान वळवली नाही.

तिला उचलून घरी आणलं, तशीच मशीनवर गेले. तिसरं पार्टिशन उघडलं. नाव नाही. सगळी यादी दोनदा बघितली, नाही. मग चौथं उघडलं. सगळ्यात पहिलं नाव तिचं. माझी भिंगरी 'गेलेले'मध्ये.

परत तिसऱ्यात घालायला गेले तर मशीन म्हणतं ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. तेवढ्यात साहेब आले, त्यांना शहराला जायचं होतं, शुक्रवारी खोलीची किल्ली ते घेऊन जातात, ती सोमवारीच परत येते. काय सांगणार होते मी त्यांना? खोली बंद झाली.

घरी येऊन पुठ्ठ्याच्या आतले आकडे बघितले आणि आजच्या चिठ्ठीची माझ्याकडची प्रत बघितली. तिसरं पार्टिशन ७६७ ला संपायला हवं. आज ते ७५१ ला संपतंय. चौथं ७५२ ला सुरू होतंय. मंगळवारी मी माझी फ्लॉपी घातलीच नव्हती. आधीच्या ऑपरेटरांची घातली, त्या सोळा चाकोऱ्या देण्याआधीची. दोन मंगळवार शेजारी शेजारी, आणि मी बघितलं नाही. आजोबा बरोबर होते. आणि त्या सोळा चाकोऱ्यांत एकच नोंद होती.

चूक पोरीची नाही. माझी आहे. माझी.

माझ्या सोमवारच्या फ्लॉपीवर अजून बरोबर तक्ता आहे. या पुठ्ठ्यावरही आहे. सोमवारी खोली उघडली की पहिलं काम ते. पाच मिनिटांचं काम.

शनिवार, १९ जानेवारी

आज सकाळी मी एकच पेला दूध घेतलं आणि प्यायले.

मग खिडकीजवळच्या खाटेवरून रडणं ऐकू आलं तेव्हा आठवलं. मला आठवलं! मला आठवावं लागलं! माझी स्वतःची लेक. तिला घट्ट धरून बसले, तर ती म्हणाली आई तू माझ्याकडे बघतेस पण भलतीकडेच बघतेस.

म्हणजे मीही. माझी नोंदही दुसऱ्या पार्टिशनमध्ये आहेच की. जे यादीत आहेत त्यांना ती दिसणार नाही. मलाही नाही.

गेटवर गेले. साहेब सोमवारीच येतील. दुसरी किल्ली नाही. दार तोडते म्हटलं तर आजोबांनी माझे हात धरले.

तळहातावर पेनाने भिंगरी लिहिलंय. दर तासाला गिरवते. सोमवारी सकाळी, तक्ता, भिंगरी. सोमवारी सकाळी, तक्ता, भिंगरी.

रविवार, २० जानेवारी

दुपारी हातोडी घेऊन मशीनच्या खोलीपर्यंत गेले आणि दारात उभी राहिले. कशाला आले होते? बराच वेळ आठवेना. शेवटी परत आले.

तळहातावर काहीतरी लिहिलेलं होतं, भांडी घासताना फिसकटलं. वाचता येत नाही.

या घरात दुसरी खाट कशाला दिलीय कुणास ठाऊक. उगाच अडगळ.

सोमवार, २१ जानेवारी

आज वही उघडली आणि मागची पानं दोनदा वाचली. अक्षर माझं. पण ही भिंगरी कोण? मला लेक? मला मूलबाळ नाही. हे गेले आणि मी एकटीच राहिले, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पुठ्ठ्याच्या आत कुणीतरी पोरकट अक्षरात आकडे लिहिलेत. ते मशीनमध्ये घाल असं मीच लिहून ठेवलंय. कुणाच्या तरी गिरगोट्यांवरून तक्ता बदलायला मी काय वेडी आहे? आजची चिठ्ठी शुक्रवारच्या चिठ्ठीशी जुळली. आजोबा 'जुळलं' म्हणाले. बाराला सोमवारच्या फ्लॉपीवर बॅकअप घेतला, जुना होता तो पुसला गेला. सगळं व्यवस्थित.

फक्त एक. आजोबा घंटेची दोरी हातात धरून थांबले होते. कुणाची वाट बघताय, विचारलं. म्हणाले की माहीत नाही, सवय लागलीय, पण कशाची ते आठवत नाही.

मंगळवार, २२ जानेवारी

घरात काहीतरी आहे.

खिडकीजवळच्या खाटेची चादर चुरगळलेली असते. मी रोज नीट करते. बिस्किटांचा डबा उघडा. दाराशी छोटे बूट आहेत, दोनदा बाहेर फेकले. संध्याकाळी पुन्हा दाराशी, शेजारी शेजारी, नीट लावलेले.

वहिनींना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या की त्यांच्याकडेही एक वर्ष असं झालं होतं. घाबरू नका. 'गेलेले' भरलं की साहेब ते पुसायला सांगतात. पुसलं की सगळं शांत होतं.

बुधवार, २३ जानेवारी

भांडी घासत होते. कुणीतरी माझी बाही ओढली. खालून. कमरेएवढ्या उंचीवरून. दोनदा.

मी ताट फेकून मारलं. काहीतरी लागल्याचा आवाज झाला — मऊ आवाज. मग कोपऱ्यातून हुंदके. कितीतरी वेळ. मी अंगणात पळाले, अंधार पडेपर्यंत आत गेले नाही.

देवा, हे काय लागलंय माझ्या मागे.

गुरुवार, २४ जानेवारी

ताईचा फोन आला गेटवर. माझी थोरली बहीण, दूर असते. नमस्कार चमत्कार काही नाही, आधी विचारलं भिंगरी कशी आहे. मी म्हटलं कोण? ती हसली. मग हसायची थांबली. मग ओरडायलाच लागली, तुझं डोकं फिरलंय का, पोर कुठेय, पोरीला फोनवर दे. मी म्हटलं ताई, मला मुलगी नाही. ती रडायला लागली. म्हणाली मी उद्याच निघते.

तिलाही काहीतरी झालंय. की मला —

माझ्या पायाजवळ कुणीतरी होतं. फोनच्या वायरीला हात लावत होतं. वायर हलत होती.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले बरी आठवण केलीत, चौथं पार्टिशन भरतच आलंय, उद्या सकाळी पुसून टाका. जिवात जीव आला.

शुक्रवार, २५ जानेवारी

साडेअकरा. पुसायला लावलंय. चौथं पार्टिशन, ७५२ पासून १०२३ पर्यंत, एकेक चाकोरी. मशीन म्हातारं, एका चाकोरीला मिनिटभर घेतंय. ७५२ झाली. आता ७५३. सुटले एकदाची. तोवर वही लिहावी म्हणून उघडली तर —

कालच्या पानाखाली कुणीतरी लिहिलंय. पेन्सिलने. गलेलठ्ठ अक्षर.

'आई मी इथेच आहे. मी भूत नाही. ताट मला लागलं पण दुखत नाही. मी बूट नीट लावते. मी बिस्किट दोनच घेतली. तू घाबरू नको. मी रडणार नाही.'

७५५.

पुठ्ठ्यावरचं अक्षर हेच. 'आईची वही. माझी पण.' हेच अक्षर. मागची पानं काढली. ती पटकावलेली खाट. घंटेची दोरी. ७५२, ७५३, ओरडून मोजत होती — माझ्या शेजारी उभी राहून — केवढं गं तुझं तोंड, तुझ्यासारखंच —

७५८.

भिंगरी

भिंगरी माझी भिंगरी माझी लेक मी ताट मारलं तिला मी

थांबत नाही. बटण दाबतेय, थांबत नाही. ७६० — वायर —

ओढली. पडदा काळा. ७६० पूर्ण झाली होती. ७६१ सुरू नव्हती झाली. बघितलं मी. नक्की बघितलं.

पुन्हा चालू केलं. चार मिनिटं. देवा, चार मिनिटं. पुठ्ठ्यावरचे आकडे एकेक करून घातले. तिसरं ५१२ ते ७६७. चौथं ७६८ ते १०२३. तीनदा ताडून बघितले. बसले. तिसरं पार्टिशन उघडलं. नाव आहे! यादीत शेवटी, तिचं नाव आहे!

नावाखाली लिहिलंय — ठसे: आहेत. उंची: आहे. दवाखाना: आहे.

फोटो: नाही.

नऊ चाकोऱ्या. ७५२ ते ७६०. नुसत्या तोंडाला.

माझ्या डाव्या हातात हात आलाय. आत्ता. छोटा, गरम. तिचाच आहे. अंगठ्याच्या मुळाशी निळा डाग, पानाच्या आकाराचा. मी हातच बघतेय. डागच बघतेय. वर बघवत नाही.

तिने हात दाबला. दोनदा. बाही ओढायची तशी.

बोल ना गं, म्हटलं. एकदा आई म्हण. ती बोलत नाही. बोलायचा प्रयत्न करतेय, कळतंय मला. कशाने बोलणार —

गेटवर आजोबा चिठ्ठीची वाट बघत असतील. बारा वाजले.

ती माझ्या कुशीत शिरतेय. डोकं माझ्या खांद्यावर टेकतेय. माझीच आहे ना. कशीही असली तरी माझीच आहे. आईने बघायचं नाही तर कुणी बघायचं. बघते मी, भिंगरी. घाबरत नाही. हे बघ, मान वर करतेय, आता ब